झुळुकेला की झुळूकला?

गेले सहा आठवडे आमच्या घरी एक रकाना रिकामा आहे.

महापालिकेच्या जन्मदाखल्यावरचा, 'बाळाचे नाव' असं लिहिलेला. बाकी सगळं भरलंय. जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता (पत्त्यात सोसायटीच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण ते असो). नावाच्या जागी नुसती रेघ. आमच्या धंद्यात याला 'नल' म्हणतात, आणि इतका महत्त्वाचा रकाना नल ठेवणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात. कायदा मात्र आमच्या टीम लीडपेक्षा समजूतदार निघाला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नावाशिवाय जन्म नोंदवता येतो. पहिल्या बारा महिन्यांत नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे मुलगी दहावीला बसेपर्यंत आम्ही आरामात भांडू शकतो.

आणि भांडण चालू आहे. कारण रश्मीला (म्हणजे बायकोला) मुलीचं नाव 'झुळूक' ठेवायचंय.

बाबांची पहिली प्रतिक्रिया: "हे नाव आहे की पंख्याची जाहिरात?" आईने जास्त विचार करून हरकत घेतली. तिच्या मते पत्रिकेत वेगळंच अक्षर आलंय. हापिसातल्या कानपूरच्या पोराने "झुलूक? वो क्या होता है?" असं विचारलं आणि मी पाच मिनिटं हाताने वारा घालून दाखवला. मामेबहिणीने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनशे नावांची पीडीएफ टाकली. खाली एक हात जोडलेला. आता हा नमस्कार होता की विनंती, देव जाणे.

ती पीडीएफ मी खरंच वाचली. रात्री दोनला ढेकर काढायची ड्यूटी माझी असते, तेव्हा दुसरं काय करणार. प्रत्येक नावापुढे अर्थ दिलेला. निम्म्या नावांचा अर्थ 'देवाची देणगी' किंवा 'विष्णूचा अंश', उरलेल्यांचा 'तेजस्वी'. कियान, रेयांश, विवान, विहान. सगळी वेगळी नावं, इतकी वेगळी की आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी 'विहान' म्हणून हाक मारली तर तीन सायकली थांबतात. बरं, विहान म्हणजे काय? पहाट, सकाळ. रश्मीने लगेच विचारलं, "मग सरळ 'सकाळ' का नाही ठेवत कुणी?"

मी म्हटलं, पुण्यात नाही ठेवता येणार. १९३२ पासून ते पेपरचं नाव आहे. "सकाळ आली का?" म्हटल्यावर पोरगी दार उघडायची आणि आजोबा चष्मा शोधायचे.

पण विनोद सोडला तर तिचा प्रश्न बरोबर होता. सरिता चालते, नदी चालत नाही. कुसुम चालते, फूल चालत नाही. वर्षा चालते, पाऊस चालत नाही. 'पंकज'चा शब्दशः अर्थ चिखलात जन्मलेला. तो संस्कृतात आहे म्हणून पेढे वाटतात, मराठीत सांगितला तर मारामारी होईल. आणि वाऱ्याचं तर विचारूच नका. पवन, समीर, मारुती, अनिल. आपल्याकडे निम्मी वस्ती वाऱ्याची आहे.

हो, अनिल. माझ्या बाबांचं नाव अनिल आहे. हे रश्मीने जेवताना अगदी साध्या आवाजात सांगितलं, "बाबा, तुम्ही वारा. ती तुमची नात, म्हणून झुळूक." बाबांनी आमटी वाढून घेतली. दोन दिवस नावाचा विषय निघाला नाही.

मग तिसऱ्या दिवशी त्यांनी जो मुद्दा काढला तो मात्र मला झोपू देईना. ते म्हणाले, "अनिलला अनिल म्हणून हाक मारताना कुणाच्या मनात वारा येत नाही. झुळूक म्हटलं की झुळूकच येते. नाव म्हणजे माणूस आठवायला हवा, वस्तू नाही."

हा युक्तिवाद मला प्रामाणिक वाटला. आणि तो तपासायला माझ्याकडे एक चांगला नमुना होता. मी स्वतः. माझं नाव प्रसाद.

प्रसाद हा काही संस्कृतात लपलेला शब्द नाही. सत्यनारायणाला वाटीत मिळतो तो. लहानपणी प्रत्येक पूजेत एक काका असायचेच, "प्रसाद, प्रसाद घे" म्हणून स्वतःच हसणारे. शाळेच्या सहलीला देवळाबाहेर पाटी होती, 'प्रसाद येथे मिळेल', आणि वर्गाने मला तिच्याखाली उभं केलं. पण खरं सांगतो, या सगळ्याचा मला एकूण आयुष्यात मिळून अर्धा तास त्रास झाला असेल. माझ्या आईने मला अठ्ठावीस वर्षं हाका मारल्यात, त्यात एकदाही तिच्या डोळ्यांसमोर शिरा आला नसावा. का येत नाही? शब्द तोच, उच्चार तोच.

याचं उत्तर मला एका बिनडोक वाक्यात सापडलं. आई आतून ओरडली, "प्रसादाला शिरा केलाय, प्रसादला दे."

पुन्हा वाचा. प्रसादाला आणि प्रसादला. मराठी व्याकरण शाळेत नकोसं झालं होतं, पण सामान्यरूप आठवत असेलच. प्रत्यय लावायच्या आधी शब्द थोडा वाकतो, ते. प्रसाद हा शब्द वाकतो, प्रसाद हा माणूस वाकत नाही! सागराला भरती येते, सागरला ताप येतो. पूजेला बसतात, पूजाला बसवतात. आकाशाकडे बघितलं तर ढग दिसतात, आकाशकडे बघितलं तर तो "काय रे?" म्हणतो. आपण कुणीही हा नियम शिकलेलो नाही, पण चार वर्षांचं पोरसुद्धा चुकत नाही. म्हणजे आपल्या भाषेने नाव आणि शब्द यांच्यासाठी आधीच दोन वेगळी कपाटं केली आहेत. प्रोग्रामिंगमध्ये याला नेमस्पेस म्हणतात आणि त्यावर लोक सेमिनार घेतात. इथे आई शिरा हलवता हलवता करते.

मला फार आनंद झाला. रात्री साडेबाराला रश्मीला उठवून सांगितलं. तिला आनंद झाला नाही.

यातून ईकारान्त मुलींच्या नावांचं कोडंही सुटतं. ओवी, पालवी, सई. 'ओवीला' हे शब्दालाही तेच आणि मुलीलाही तेच, काही वाकतच नाही, म्हणून कानाला टोचत नाही. सई म्हणजे मैत्रीण, खास जुना घरगुती शब्द. १९३८ साली जन्मलेल्या सई परांजपेंपासून आजच्या बालवाडीतल्या सयांपर्यंत तो बिनतक्रार चालला आहे. दळताना म्हणायची ओवी आज इंग्रजी शाळेच्या हजेरीत आहे आणि जात्याची आठवण बाईंना येत नाही. उलट 'पाऊस' घ्या. 'पाऊसला दूध दिलंस का?' हे वाक्य उच्चारताना जीभ 'पावसाला' म्हणायला धावते. इथे नाव आणि शब्द यांच्यात झटापट होते. पण झटापट होते म्हणजे नाव वाईट असं नाही. पहिला महिना होते, एवढंच.

आमच्या झुळुकेची पंचाईत तर वेगळीच आहे. तिचं सामान्यरूप काय यावरच घरात दोन पक्ष आहेत. रश्मी 'झुळुकेला' म्हणते, बाबा म्हणतात चुकीला, बंदुकीला, निवडणुकीला, तसं 'झुळुकीला'. नावाला विरोध करणारा माणूस त्याच्या विभक्तीवर पाऊण तास वाद घालतो, याला मी तरी प्रगती समजतो.

याच रात्रपाळीत मला आइसलँडची एक गोष्ट सापडली आणि मी खुर्चीतून उठलोच (पोरगी खांद्यावर होती, तीही उठली). तिथे १९९१ पासून सरकारची नाव समिती आहे. यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर समितीला विचारायचं. समितीच्या कसोट्या काय, तर नावाला आइसलँडिक भाषेतला षष्ठीचा प्रत्यय लागला पाहिजे, ते भाषेच्या घडणीत बसलं पाहिजे, आणि त्यापायी मुलाला लाज वाटायची वेळ येऊ नये. म्हणजे माझे बाबाच, फक्त सरकारी. तर एका आईने मुलीचं नाव 'ब्लायर' ठेवलं. तिकडचे नोबेलविजेते लेखक लॅक्सनेस यांच्या कादंबरीतल्या एका स्त्रीचं हे नाव. समितीने ते नाकारलं, कारण हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी आहे. पंधरा वर्षांची होईपर्यंत त्या मुलीच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं होतं. शेवटी ती आणि तिची आई कोर्टात गेल्या आणि २०१३ च्या जानेवारीत जिंकल्या. पुढे २०१९ च्या कायद्याने नावांवरचं हे लिंगाचं बंधनच तिकडे काढून टाकलं.

आता ब्लायरचा अर्थ सांगतो. मंद वारा. झुळूक!

सकाळी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिकडे थंडी असते. झुळुकेचं कौतुक आपल्याकडे."

बरं, दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर हे नुसतं बायकोची बाजू घेणं होईल (ती हे वाचणार आहे, याची पूर्ण जाणीव ठेवून लिहितोय). माझ्या आधीच्या कंपनीत एक मुलगी होती, तिचं नाव पहाट. खरं नाव नाही लिहीत, पण याच घराण्यातलं होतं. तिला मी मुद्दाम फोन करून विचारलं. तिच्या नावाची सामान्यरूपाची गंमत वेगळीच: 'पहाटला मेल कर' आणि 'पहाटे मेल कर' यात एका मात्रेचा फरक, आणि सपोर्ट टीममध्ये दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. ती म्हणाली, चिडवण्याचा त्रास नाही झाला. पोरं चौथ्या दिवशी विसरतात. सातव्या वर्षी तिने पूजा व्हायचा हट्ट धरला होता, पण तो एकाच उन्हाळ्यापुरता. त्रास होतो तो कौतुकाचा. प्रत्येक नव्या मीटिंगमध्ये "अय्या, किती वेगळं नाव! कुणी ठेवलं?" मग आईवडील किती कवीमनाचे होते ते सांगायचं. "माझं नाव सांगताना मला कायम माझ्या आईबाबांची ओळख करून द्यावी लागते," ती म्हणाली.

हे वाक्य मला लागलं. हौस आपली आणि हप्ते पोरीने भरायचे, असं होता कामा नये. आणि झुळूकचे हप्ते तसे कमी नाहीत. 'ळ' ला रोमनमध्ये अक्षरच नाही, त्यामुळे पासपोर्टवर ती झुलुक होणार, आणि क्लायंटच्या कॉलवर काय होणार ते मी बोलत नाही. हाकेचीही परीक्षा घेतली. रश्मी खाली पार्किंगमध्ये, मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, आणि जोरात "झुळूक!" ओरडलो. 'क' वर आवाज जो आपटला, तो दुसऱ्या मजल्याच्या खाली काही गेला नाही. वॉचमनने मात्र वर बघितलं. ओवीऽऽ म्हणता येतं, पूजाऽऽ म्हणता येतं, कारण शेवटचा स्वर लांबवता येतो. पण मग लक्षात आलं, आई मला खालून 'प्रसाद' अशी हाक कधीच मारायची नाही. "पश्याऽऽ" मारायची. समीरचा सम्या होतो, अनिलचा अन्या. ज्याला शेवटी स्वर नाही त्याला आपण तो बसवून देतो. झुळूकचीही 'झुळू' होईल. तेव्हा हा मुद्दा मी माझ्या यादीतून काढून टाकला आहे.

जो मुद्दा निघत नाही, तो नकुआजीचा आहे.

नकुआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. मला कायम वाटायचं की नकु म्हणजे नकुल वगैरेचं काहीतरी बायकी रूप असणार. गाईचं दूध, अंगणातली बाज आणि तिची खरखरीत बोटं, एवढाच त्या नावाचा माझ्या लेखी अर्थ होता. २०११ च्या ऑक्टोबरात पेपरात बातमी आली. सातारा जिल्ह्यात 'नकोशी', 'नकुशा' अशी नावं असलेल्या पावणेतीनशेहून जास्त मुलींचं समारंभ करून नव्याने नामकरण झालं. मुलींनी आवडीची नावं घेतली, काहींनी हिरॉइनची घेतली. मी तेव्हा आठवीत होतो. बातमी वाचली आणि पेपर हातात धरूनच आजीला विचारलं, "नकुआजीचं पूर्ण नाव काय गं?" आजी भाजी निवडत होती. म्हणाली, "तेच. आम्ही तिघी आधीच होतो ना."

बाबांचा नियम इथे उलटा पडतो. नकुआजीला हाक मारताना आमच्यापैकी कुणाच्याही मनात 'नको' येत नव्हतं. आमच्यासाठी तो शब्द घासून गुळगुळीत झाला होता. पण तिच्यासाठी झाला होता का? त्या वर्षी दिवाळीत ती आली, तेव्हा आत्याने तिला विचारलं की तूही बदलून घे की नाव, आता काय अवघड आहे. तर हसून म्हणाली, "या वयात नव्या नावानं कुणी हाक मारली तर मला कळायचं कसं, मलाच मारतायत ते?" सगळे हसले, मीही हसलो. नंतर ती बराच वेळ रांगोळीच्या डब्यातले रंग नीट लावत बसली होती.

आपल्याकडे ओबडधोबड शब्दांची नावं काही कमी नव्हती. मूल जगत नसेल तर दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, म्हणजे नियतीला वाटावं की हे काही मौल्यवान नाही. धोंडो केशव कर्वे म्हटल्यावर धोंडा कुणाला आठवतो? दगडूशेठच्या गणपतीच्या रांगेत तीन तास उभं राहून एकाच्याही मनात दगड येत नाही. दगड आणि नकोशी, दोन्ही रोजचेच शब्द, दोन्ही वापरून वापरून गुळगुळीत झालेले. पण दगडूच्या नावात आईबाप नियतीशी खोटं बोलत होते, आणि पोराला मोठेपणी ते खोटं कळत होतं. नकुआजीच्या नावात कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

म्हणून मला आता शब्द रोजचा आहे की वेगळा, मराठी की संस्कृत, यात फारसा रस उरलेला नाही. मला एवढंच बघायचंय की पोरगी पंधरा वर्षांची होऊन "बाबा, हेच का ठेवलंत?" असं विचारेल, तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघून उत्तर देता येईल का. 'देवाची देणगी' हे उत्तर पीडीएफमधून आलेलं असेल तर मला ते देता येणार नाही. झुळूकचं देता येईल. ती एप्रिलात जन्मली. त्या रात्री हॉस्पिटलच्या खोलीत एसी बंद पडला होता. सिस्टरने खिडकी उघडली, आणि रश्मीने चोवीस तासांत पहिल्यांदा डोळे मिटले. एवढीच गोष्ट आहे. पहाटला विचारलं, ही सांगायचा कंटाळा येईल का गं? ती म्हणाली, "ही चालेल. यात तुम्ही दोघं शहाणे दिसत नाही."

तर माझं मत रश्मीच्या बाजूने पडलंय. आई तटस्थ आहे. बाबा 'घरात काय हवं ते म्हणा, कागदावर नीट नाव लावा' इथपर्यंत आलेत. बारसं पुढच्या रविवारी, कानात कुर्रर्र करायला शोभाआत्या नागपूरहून येतेय आणि तिला अजून कुणीच सांगितलेलं नाही की नक्की काय म्हणायचंय.

आजीचं मत मात्र कुणी विचारलंच नव्हतं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि जुन्या वळणाचं बोलते. पूर्वी माणसांची नावंसुद्धा वाकायची ना, सीतेला, राधेला, तशी ती अजून वाकवते. स्वतःच्या मुलीला, म्हणजे शोभाआत्याला, ती आजही "शोभेला फोन लाव" असंच म्हणते. काल संध्याकाळी अचानक वारा सुटला, गॅलरीचं दार आपटलं. आम्ही दोघं लॅपटॉपवर, आपापल्या कॉलवर. आजी आतून ओरडली,

"अरे, दार लावा ते! आणि झुळकीला टोपी घाला."

झुळकीला. हा तिसराच पक्ष. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, मग मिटलं, आणि उठून टोपी शोधायला लागले.